‘संशोधन सांगतं’ म्हणजे नेमकं कोण सांगतं?

मागच्या अंकात शिक्षणातल्या संशोधनाबद्दल शिक्षकांकडून प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली आणि त्यांतली निम्मी तरी चिडून लिहिलेली होती. मला ते बरंच वाटलं, कारण ज्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही त्यावर कोणी चिडत नाही. मी वर्षानुवर्षं गणित शिकवलं. पुढे शिक्षणशास्त्राच्या पत्रिकांकडून शोधनिबंध तपासायला येऊ लागले, ते काम अजून चालू आहे. त्यामुळे उत्तरांत कधी खडू हातात असलेली बाई बोलेल, कधी लाल पेन हातात असलेली. पत्रं आटोपशीर करून छापली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रत्येक प्रशिक्षणाची सुरुवात ‘संशोधन सांगतं’ या शब्दांनी होते. सांगणारे बहुतेक वेळा वर्गात कधी उभे राहिलेले नसतात. इतक्या वर्षांचा माझा अनुभव हेही संशोधनच नाही का?
— एक विज्ञान शिक्षक

सर, अनुभव मोलाचा आहे, पण त्याला एका जागी नीट दिसत नाही. ती जागा कोणती, ते दोन प्रयोगांवरून सांगते.

2006 साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा एकदा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता, आठवेल तेवढं कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटं झालं. आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के मजकूर आठवत होता, पुन्हा वाचणाऱ्यांना 42. याच निबंधातल्या दुसऱ्या प्रयोगात विद्यार्थ्यांना आधीच विचारलं होतं की, आठवड्याने तुम्हाला हे कितपत आठवेल? सर्वांत जास्त खात्री होती ती नुसतं पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना, आणि सर्वांत मागे पडले तेही तेच.

दुसरा प्रयोग माझ्या विषयातला. डग रोरर आणि केली टेलर यांनी 2007 मध्ये विद्यार्थ्यांकडून घनाकृतींच्या घनफळाची गणितं सोडवून घेतली. एका गटाला एका प्रकारची सगळी गणितं सलग, मग दुसऱ्या प्रकारची. दुसऱ्या गटाला तीच गणितं मिसळून. सराव करताना सलगवाल्यांची 89 टक्के उत्तरं बरोबर, मिसळवाल्यांची 60. आठवड्यानंतरच्या परीक्षेत सलगवाले 20 टक्क्यांवर आले आणि मिसळवाले 63 वर.

आता स्वतःचा तास आठवा. तासाच्या शेवटी मुलांची उत्तरं धडाधड बरोबर येतात आणि आपण समाधानाने फळा पुसतो. आपल्याला दिसतो तो पाचव्या मिनिटाचा निकाल. आठवड्यानंतरचा निकाल वेगळ्याच धड्याच्या तासाला, वेगळ्याच प्रश्नात लपून येतो आणि आपण म्हणतो, ‘ही मुलं सगळं विसरतात.’ कितीही वर्षं शिकवलं तरी या दोन निकालांची गाठ आपोआप पडत नाही. ती कोणीतरी मुद्दाम घालून द्यावी लागते, आणि संशोधन एवढंच करतं.

तुमच्या चिडीतला एक भाग मात्र सोळा आणे खरा आहे. वरचे दोन्ही प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाले, गजबजलेल्या वर्गात नव्हे. म्हणून पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. रोरर आणि सहकाऱ्यांनी तीच कल्पना सातवीच्या 54 वर्गांत, 787 मुलांवर तपासली आणि निकाल 2020 मध्ये प्रसिद्ध केला. सरावाचे कागद मुलांकडून सोडवून घेतले ते त्यांच्या नेहमीच्या शिक्षकांनी, नेहमीच्या तासांना. सराव संपल्यावर महिन्याने न सांगता परीक्षा घेतली. मिसळून सराव केलेल्यांना 61 टक्के, सलग केलेल्यांना 38. हे शिक्षक नसते तर ती कल्पना प्रयोगशाळेतच राहिली असती.

आमच्या शाळेत मुलांची चाचणी घेऊन त्यांना ‘पाहून शिकणारे’, ‘ऐकून शिकणारे’, ‘करून शिकणारे’ अशा गटांत बसवायचं ठरलंय. तक्ते भरणं सुरू झालंय. हे संशोधनाने सिद्ध झालं आहे असं सांगतात. खरं आहे का?
— प्राथमिक शिक्षिका

नाही, बाई. तक्ते भरण्याआधी एवढं वाचा.

मुलांना आवडीनिवडी असतात याबद्दल वाद नाही. दावा त्याहून मोठा आहे: मुलाच्या ‘शैली’प्रमाणे शिकवलं तर ते जास्त शिकतं. हा दावा कोणत्या पुराव्याने सिद्ध होईल, हे हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी 2008 मध्ये अगदी सोपं करून मांडलं. (त्या तिघांत वरचे रोररही होते.) आधी मुलांची शैली ठरवा. मग प्रत्येक शैलीतली काही मुलं चिठ्ठ्या टाकून चित्रांनी शिकवायच्या गटात घाला, काही ऐकवून शिकवायच्या गटात. शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. ‘पाहणारी’ मुलं चित्रांच्या गटात जास्त शिकली आणि ‘ऐकणारी’ मुलं ऐकण्याच्या गटात जास्त शिकली, तर दावा टिकला. दोघंही एकाच पद्धतीने जास्त शिकली, तर ती पद्धतच चांगली, शैलीचा संबंध नाही.

त्यांनी प्रसिद्ध झालेलं साहित्य धुंडाळलं. शैलींवर लिहिलेलं ढीगभर होतं, पण अशा रीतीने तपासलेलं फारच थोडं. जे थोडं नीट तपासलेलं होतं, त्यातलं काही या दाव्याच्या उलट जाणारं निघालं. शाळांनी यावर वेळ आणि पैसा घालवावा इतका पुरावा नाही, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

चित्रं दाखवू नका, असा याचा अर्थ कोणी काढू नये. नकाशा सगळ्यांनीच पाहायचा असतो आणि कविता सगळ्यांनीच ऐकायची असते. साधन निवडायचं ते विषयाकडे पाहून.

आता व्यवहाराचं. वरिष्ठांना ‘हे चूक आहे’ असं म्हणालात तर वाद तुमच्या अंगाशी येईल. त्यापेक्षा विचारा, ‘ज्या अभ्यासावरून हे ठरलं तो वाचायला मिळेल का? त्यात तुलना कोणाची कोणाशी केली होती?’ प्रश्न नम्र आहे. उत्तर आलं तर वाचा. माझा अंदाज, येणार नाही.

संशोधन वाचायची इच्छा आहे, पण निबंध उघडला की पैसे मागतात. एखादा फुकट मिळालाच तर दुसऱ्या पानावर झोप येते. सुरुवात कुठून करू?
— माध्यमिक शिक्षिका, भाषा

पैसे देऊ नका. निबंधाचं नाव गूगल स्कॉलरमध्ये टाका आणि खाली ‘सर्व आवृत्त्या’ अशी जोडणी दिसते ती उघडा. लेखकाने विद्यापीठाच्या संग्रहात ठेवलेली प्रत पुष्कळदा तिथे सापडते. अमेरिकन सरकारचा ‘एरिक’ हा शिक्षणविषयक साहित्याचा संग्रह 1960च्या दशकापासून चालू आहे. तो कोणालाही खुला आहे, आणि त्यात फक्त तज्ज्ञांनी तपासलेले व पूर्ण मिळणारे निबंध वेगळे काढता येतात. काहीच जमलं नाही तर लेखकालाच दोन ओळींची मेल करा. पत्रिकेत छापलेल्या निबंधाच्या विक्रीतून लेखकाला सहसा काही मिळत नाही. उलट दूरवरची एक शिक्षिका आपला निबंध मागते आहे म्हटल्यावर माणूस हरखतो. मी हरखते.

झोप येते, कारण तुम्ही पहिल्या पानापासून वाचता. प्रस्तावना तुमच्यासाठी लिहिलेलीच नसते. ‘आधी कोण काय म्हणालं ते सगळं आम्ही वाचलंय’ हे इतर संशोधकांना पटवण्यासाठी ती असते. सारांश वाचा आणि थेट ‘पद्धत’ या भागावर उडी मारा. मुलं कोण होती, किती होती, कोणत्या गटात कोण जाणार हे कसं ठरलं? दुसऱ्या गटाला त्या वेळात काय दिलं? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. नव्या पद्धतीच्या गटाला आठवड्याला एक तास जादा मिळाला आणि दुसऱ्याला काहीच नाही, तर फरक पद्धतीमुळे पडला की जादा तासामुळे, हे कोणालाही सांगता येणार नाही. मग परीक्षा कोणी काढली आणि शिकवल्यानंतर किती दिवसांनी घेतली, ते बघा. त्यानंतर तक्ते. शेवटी ‘मर्यादा’ हा परिच्छेद, कारण लेखक सर्वांत प्रामाणिक तिथेच असतात. निष्कर्ष सर्वांत शेवटी वाचा, तोवर तो तुम्हाला स्वतःला काढता आला असेल.

आकडेमोडीला घाबरू नका. ‘सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय’ असं लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ ‘फरक मोठा आहे’ असा नाही. हा फरक केवळ योगायोगाने पडला असेल असं मानणं अवघड आहे, एवढंच त्यातून कळतं. मुलं पुष्कळ असतील तर अर्ध्या गुणाचा फरकही लक्षणीय ठरतो.

सुटे निबंध वाचायला वेळ नसेल तर आढावे वाचा. इंग्लंडमध्ये 2011 साली एज्युकेशन एंडोमेंट फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. तिने शिकवण्याच्या वेगवेगळ्या उपायांवरचा पुरावा एकत्र करून ठेवला आहे. प्रत्येक उपायापुढे खर्च किती, परिणाम किती आणि पुरावा किती भक्कम हे दिलेलं असतं. भक्कमपणा दाखवायला कुलपांची चित्रं वापरली आहेत. परिणामाच्या आकड्याआधी कुलपं मोजा.

आमचे मुख्याध्यापक ‘इफेक्ट साइझ 0.40 पेक्षा कमी असेल ते करायचंच नाही’ असं म्हणतात. काय करू?
— गणित शिक्षक

0.40 चा उगम सांगते. शिक्षणसंशोधक जॉन हॅटी यांनी 2009 च्या पुस्तकात आठशेहून जास्त एकत्रित विश्लेषणं (एकाच विषयावरच्या अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करणारे निबंध) गोळा केली. त्या सगळ्यांची सरासरी सुमारे 0.40 आली आणि त्यांनी ती उंबरठा म्हणून सुचवली. इफेक्ट साइझ म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक, भागिले गुणांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत याचं माप). म्हणजे अंश आणि छेद दोन्ही परीक्षेवर अवलंबून. जे शिकवलं नेमकं त्यावरच संशोधकाने परीक्षा काढली तर आकडा फुगतो. सर्वसाधारण प्रमाणित परीक्षा, म्हणजे सगळीकडे एकाच साच्याने घेतली जाणारी, घेतली तर आक्रसतो. लहान गट, थोडे दिवस, लगेच परीक्षा यांनीही फुगतो.

मॅथ्यू क्राफ्ट यांनी 2020 मध्ये प्रमाणित परीक्षा वापरणारे, गट चिठ्ठ्या टाकून केलेले अभ्यास बघून वेगळी मापं सुचवली: 0.05 पेक्षा कमी तो लहान, 0.20 किंवा त्याहून जास्त तो मोठा. या मापाने पाहिलं तर तुमचे मुख्याध्यापक मोठा परिणामसुद्धा कचऱ्यात टाकतील. मी वर कौतुकाने सांगितलेल्या 54 वर्गांच्या अभ्यासाचा आकडा 0.83 आहे, पण परीक्षा संशोधकांनीच, सराव केलेल्या प्रकारांवरच काढली होती. तो आकडा प्रमाणित परीक्षेच्या 0.20 शेजारी ठेवून तुलना करू नये. मुख्याध्यापकांना एवढंच विचारा: कोणत्या परीक्षेवरचे 0.40?

माझ्याकडे एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या आहेत. एकीत मी वर्षभर तासाच्या सुरुवातीला आधीच्या धड्यांवर पाच मिनिटांची चाचणी घेतली, दुसरीत नेहमीसारखं शिकवलं. पहिली तुकडी वार्षिक परीक्षेत स्पष्टपणे पुढे गेली. सहकारी म्हणतात, निबंध लिहून पाठव. शिक्षकाचं लिखाण अशा पत्रिका घेतात का? मला काय करावं लागेल?
— एक तरुण शिक्षिका, समाजशास्त्र

घेतात. हा निबंध माझ्याकडे तपासायला आला तर मी काय विचारीन ते आधी सांगते, म्हणजे लिहिण्यापूर्वीच तुम्हाला उत्तरं शोधता येतील.

वर्षाच्या सुरुवातीला कोणती तुकडी पुढे होती? तुमच्याकडे आदल्या वर्षाचे गुण असतील, ते काढा. चाचणीसाठी हीच तुकडी का निवडली? जिथे मन रमतं ती तुकडी आपण नकळत निवडतो. दुसऱ्या तुकडीने त्या पाच मिनिटांत काय केलं? उजळणी केली असेल तर तुलना आठवण्याची आणि वाचण्याची झाली. हजेरी चालली असेल तर तुलना पाच जादा मिनिटांची आणि हजेरीची झाली. पेपर कोणी तपासले? तुम्हीच, आणि कोणता कोणत्या तुकडीचा हे माहीत असताना? तुमच्या प्रामाणिकपणावर मला शंका नाही, पण अर्धा गुण कुठे द्यायचा याचा कल मनात आधीच ठरलेला असतो.

याहून अवघड मुद्दा पुढे आहे. दोन्ही तुकड्यांत मिळून मुलं कितीही असोत, तुम्ही तुलना केली ती दोन तुकड्यांची. एका तुकडीचा तास जेवणानंतर असेल, दुसरीत दोन दंगेखोर मुलं असतील, एकीत एकमेकांना शिकवणारा मैत्रिणींचा गट असेल, तर ते सगळं त्या फरकात मिसळलेलं आहे आणि कोणत्याही गणिताने ते वेगळं काढता येत नाही. ‘चाचण्यांमुळे निकाल सुधारला’ असं वाक्य लिहिलंत तर परीक्षक तिथेच थांबेल.

यातून वाट आहे, आणि ती तुमच्याच हातातली आहे. पुढच्या वर्षी धडे वाटून घ्या. पहिल्या तुकडीत निम्म्या धड्यांवर चाचणी आणि उरलेल्यांवर तेवढाच वेळ उजळणी, दुसऱ्या तुकडीत बरोबर उलट. कोणता धडा कुठे हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. मग प्रत्येक तुकडीची तुलना तिची तिच्याशीच होते, आणि कुठल्याच मुलाला वर्षभर वंचित ठेवावं लागत नाही. शेवटची परीक्षा धडा संपल्यावर निदान महिन्याने घ्या. पेपरांवरची नावं झाकून ते सहकाऱ्याकडून तपासून घ्या.

इथे एक आडवळण घेते, कारण या महिन्यातल्या इतर तीन पत्रांतही हीच खाच होती. सर्वांत मागे असलेली मुलं निवडली, त्यांना जादा वर्ग दिले, पुन्हा चाचणी घेतली आणि गुण वाढले. गुण वाढणारच होते. एखाद्या चाचणीत तळाला आलेल्यांत काही जण खरोखर कच्चे असतात आणि काहींचा तो दिवस वाईट गेलेला असतो. पुढच्या वेळी दुसऱ्या प्रकारची मुलं आपोआप वर येतात, मधे काही केलं नाही तरी. म्हणून तितकीच मागे असलेली, पण जादा वर्ग अजून न मिळालेली मुलं तुलनेला लागतात. जागा थोड्याच असतील तर चिठ्ठ्या टाका. उरलेल्यांना पुढच्या सत्रात घ्या.

परवानगीचं काम सुरुवातीलाच करायचं, मागाहून नाही. शाळेची, पालकांची, आणि मुलांचीसुद्धा. तुमच्या विद्यार्थ्याला तुम्हाला ‘नाही’ म्हणणं अवघड जातं, म्हणून विचारण्याचं काम दुसऱ्या कोणी करावं आणि ‘नाही’ म्हटलं तर गुणांवर परिणाम होणार नाही हे स्पष्ट सांगावं. लक्षात ठेवा, चाचणी सगळ्यांनाच द्यायची. परवानगी हवी ती त्या मुलाचे गुण निबंधात वापरायला. यंदाच्या वर्षाची माहिती परवानगीशिवाय गोळा झाली असेल तर ती वापरता येईल का, हे पत्रिकेच्या संपादकांना आधी विचारा. अनेक पत्रिका नीतिसमितीच्या संमतीशिवाय निबंध पुढे पाठवतच नाहीत.

आता तुमच्या निबंधात असं काय असेल, जे मोठ्या विद्यापीठाच्या निबंधात नसतं? एक वही ठेवा. कोणत्या दिवशी चाचणी झालीच नाही आणि का. कोणते प्रश्न फसले. मुलांनी नक्कल करायला सुरुवात कधी केली आणि तुम्ही काय बदललंत. पाच मिनिटांची चाचणी बारा मिनिटांपर्यंत कशी लांबत गेली. मोठ्या निबंधांत हे सगळं ‘शिक्षकांनी चाचणी राबवली’ अशा एका वाक्यात मावतं, आणि पुढच्या शिक्षकाला नेमकं तेच हवं असतं. तपासणीला आलेल्या निबंधात अशा वहीचा उपयोग दिसला की मी खुर्ची पुढे ओढते.

‘हे तर आधी कोणीतरी केलेलं आहे’ ही भीती बाळगू नका. मॅथ्यू मेकल आणि जोनाथन प्लकर यांनी 2014 मध्ये शिक्षणातल्या आघाडीच्या 100 पत्रिकांचा आजवरचा सगळा मजकूर चाळला. आधीचा अभ्यास पुन्हा करून पाहणारे निबंध त्यात निघाले 0.13 टक्के, म्हणजे हजारात दोनसुद्धा नाहीत. औषधाच्या गोळीबाबत कोणी हे खपवून घेतलं नसतं. तुमचा ‘जुनाच’ प्रयोग म्हणजे रिकाम्या खणात पडलेली भर आहे.

शिवाय शिक्षकाने संशोधन करणं ही काही आजची टूम नाही. कर्ट लेविन यांनी 1946 मध्ये कृतिसंशोधनाची (आपल्याच कामात बदल करून त्याचा परिणाम तपासण्याच्या रीतीची) मांडणी केली, स्टीफन कोरी यांनी 1953 मध्ये ते शाळेत आणलं, आणि शिक्षक हाच संशोधक ही भूमिका लॉरेन्स स्टेनहाउस यांनी 1975 मध्ये ठामपणे घेतली. ‘एज्युकेशनल ॲक्शन रिसर्च’ ही पत्रिका 1993 पासून अशाच कामासाठी निघते. तिचे चार-पाच निबंध आधी वाचा, म्हणजे तिथे कसं लिहितात ते कळेल.

मेल आली: ‘आपला निबंध सात दिवसांत आंतरराष्ट्रीय पत्रिकेत प्रसिद्ध करू, तज्ज्ञांच्या तपासणीसह.’ फी भरायची आहे. भरू का?
— एक शिक्षक

नको. फी मागितली म्हणून नव्हे. सर्वांना फुकट वाचायला देणाऱ्या चांगल्या पत्रिकाही लेखकाकडून पैसे घेतात. संशय घ्या तो सात दिवसांचा. दोन-तीन परीक्षक शोधायचे, त्यांनी आपली कामं सांभाळून विनामोबदला वाचायचं, लेखकाने दुरुस्त करायचं, पुन्हा वाचायचं, याला महिने लागतात. पत्रिका ‘डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स’ या 2003 पासूनच्या यादीत आहे का ते बघा, संपादक मंडळातल्या एखाद्याला त्याच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर लिहून खात्री करा, आणि मागच्या अंकातले दोन निबंध वाचा. तिसरं काम केलंत की बहुधा पहिल्या दोन्हींची गरज उरणार नाही.

दर वर्षी कोणी ना कोणी संशोधक येतो, आमच्याकडून प्रश्नावल्या भरून घेतो, तास बघतो आणि जातो. पुढे काय झालं ते कधीच कळत नाही. आता आम्ही सरळ नकार द्यायचा विचार करतोय.
— एका शाळेतले शिक्षक

नकाराचा हक्क तुम्हाला आहेच. त्याआधी अटी घालून बघा. तुमचा प्रश्न काय आहे आणि तो आम्हाला पडलेल्या प्रश्नांपैकी आहे का? आमचा किती वेळ जाईल? निबंध छापायला पाठवण्याआधी आम्हाला दाखवाल का, म्हणजे आमच्या वर्गाचं वर्णन बरोबर आहे का ते बघू? निकाल तासाभरात समजावून सांगायला परत याल का? हे लेखी घ्या. चांगला संशोधक याला हसत हो म्हणेल. तुमच्यापैकी कोणी धडे रचायला, साधनं बनवायला, निकालाचा अर्थ लावायला बरोबरीने बसणार असेल तर सहलेखक म्हणून नाव हवं, हेही सुरुवातीलाच बोलून घ्या. नंतर बोलायला संकोच वाटतो.

शाळेला प्रयोगाचं आवार समजण्याऐवजी शिक्षकाबरोबर बसून धडा रचायचा, वर्गात करून पाहायचा, मोडायचा आणि पुन्हा रचायचा, ही रीत ॲन ब्राउन यांच्या 1992 च्या निबंधापासून शिक्षणसंशोधनात रुजली. आणि ज्यांना निबंध लिहायचाच नाही त्यांनी जपानी शाळांतल्या ‘जुग्यो केन्क्यू’कडे बघावं. काही शिक्षक मिळून एकच पाठ आखतात. एक जण शिकवतो आणि बाकीचे मुलं काय करतात, काय बोलतात ते टिपतात. मग चर्चा, दुरुस्ती, आणि तोच पाठ पुन्हा दुसऱ्या वर्गात. तिथे ही रीत फार जुनी आहे. 1999 मध्ये जेम्स स्टिगलर आणि जेम्स हीबर्ट यांनी लिहिल्यावर इतर देशांत तिचा बोलबाला झाला. निरीक्षकाने शिक्षकाकडे नव्हे, मुलांकडे बघत बसायचं हा तिचा कणा आहे. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवं, पण ते दुसऱ्या सदरात.

माझा निबंध ‘मोठ्या दुरुस्त्या’ असा शेरा घेऊन परत आला. एक परीक्षक म्हणतो नमुना लहान आहे आणि भाषा ‘अतिउत्साही’ आहे. दुसऱ्याने प्रत्येक मुलाचे आधीचे व नंतरचे गुण दाखवणारा तक्ता मागितलाय. तीन दिवस मी फाइल उघडलेली नाही.
— एक शिक्षिका

अभिनंदन. मी हे टोमणा म्हणून म्हणत नाही. अनेक निबंध संपादकाच्या टेबलावरूनच परत जातात, परीक्षकापर्यंत पोचतच नाहीत. ‘मोठ्या दुरुस्त्या’ म्हणजे ‘हे छापण्याजोगं होऊ शकतं, काम करा’. परीक्षकाला तुमचं नाव ठाऊक नसतं आणि तुम्हाला त्याचं. समोरासमोर बोलताना आवाज मवाळ होतो, तसा तो तिथे होत नाही. त्यामुळे शेरे असतात त्याहून कडू वाटतात.

एक फाइल करा. प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवा. त्याखाली तुम्ही काय केलं ते लिहा, कोणत्या पानावर केलं तेही. पटलं नाही तिथे कारण द्या, संपादक ते वाचतो. सगळं निमूट मान्य करणारा लेखक मला परीक्षक म्हणून जरा संशयास्पदच वाटतो.

नमुना लहान आहे हे खरं आहे आणि ते आता बदलणार नाही. मग शीर्षकातच ‘एका वर्गातला अभ्यास’ असं घाला, आणि निष्कर्षात जिथे ‘सिद्ध झालं’ लिहिलंय तिथे ‘दिसून आलं’ करा. पहिल्या परीक्षकाचे दोन्ही आक्षेप एकदम सुटतील. दुसऱ्याची मागणी बरोबर आहे, त्याचा तक्ता द्याच. फक्त मुलांच्या नावाऐवजी क्रमांक घाला आणि ते हजेरीपटाच्या क्रमाने देऊ नका. नाहीतर तुमच्या शाळेतलं कोणीही ते ओळखेल.